मागचा ॲक्सल खरोखर वाकला आहे का? आधी फिरणारा दोष आणि स्थिर दोष वेगळे करा

प्रश्न असा आहे : पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवलेला अखंड ॲक्सल असलेली एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी विकत घेतली आहे. मागे उभे राहून पाहिले की मागचे डावे चाक वरच्या बाजूने किंचित आत कललेले वाटते, त्या टायरची आतली कड लवकर झिजली आहे, आणि त्याच बाजूचे ऑइल सील बदलूनही काही महिन्यांत ड्रममध्ये पुन्हा तेल उतरले आहे. गॅरेजमध्ये ‘ॲक्सल वाकलाय, अख्खा बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे की नाही, हे मोठ्या यंत्रांशिवाय कसे ताडून पाहावे?

लक्षणे वाकलेल्या हाऊसिंगशी (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाशी) जुळतात, हे मान्य. परंतु झिजलेले बेअरिंग, आऊट झालेली (वेडीवाकडी फिरणारी) रिम, वाकलेला शाफ्ट (हाऊसिंगच्या आत फिरणारा दांडा) किंवा तुंबलेला ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारे भोक) यांमुळेही यांपैकी काही ना काही दिसू शकते, आणि या प्रत्येकाचा उपाय व खर्च वेगळा आहे. म्हणून मोजमाप न घेता काढलेला निष्कर्ष मी स्वीकारत नाही, आणि तुम्हीही स्वीकारू नये. मोजमाप करताना एकच भेद शेवटपर्यंत डोक्यात ठेवावा लागतो. चाक हाताने फिरवले असता त्याचा कल चाकाबरोबर फिरतो, की चाक कसेही फिरवले तरी कल आहे तिथेच राहतो? चाकाबरोबर फिरणारा दोष हा फिरणाऱ्या भागांतच असतो : रिम, ड्रम, हब, शाफ्टचे फ्लँज (टोकाची चपटी तबकडी) किंवा खुद्द शाफ्ट. जागेवर राहणारा दोष हा न फिरणाऱ्या भागांत असतो : हाऊसिंगची नळी, तिच्या टोकाची बेअरिंगची बैठक, स्पिंडल (हब ज्यावर फिरते तो स्थिर दांडा), आणि पुढच्या ॲक्सलच्या बाबतीत नकल (वळणारे चाक धरणारा भाग). पुढची प्रत्येक तपासणी या भेदावरच उभी आहे.

तुमच्या गाडीचा मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग आहे की फुल-फ्लोटिंग, हे आधी पाहून घ्या. सेमी-फ्लोटिंगमध्ये गाडीचे वजन शाफ्टच पेलतो. चाक थेट शाफ्टच्या फ्लँजवर बसते आणि शाफ्ट वाकला की चाक डगमगते. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हबमधील दोन बेअरिंगांमार्फत स्पिंडलवर आणि तेथून हाऊसिंगवर जाते, शाफ्ट केवळ पीळ पोचवतो. त्यामुळे तेथे शाफ्ट वाकला तरी चाक सरळच फिरते, बिघडते ते सील आणि स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे लांबट दाते). फुल-फ्लोटिंग ओळखायला सोपे असते, कारण हब चाकाच्या मधून बाहेर आलेले दिसते आणि त्याच्या तोंडावर शाफ्टचे फ्लँज बोल्टांनी आवळलेले असते. गाडी वर न उचलता आणि चाक न काढताही हा शाफ्ट बाहेर काढता येतो.

काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षिततेची एक गोष्ट, जी जुन्या गाड्यांत विशेष महत्त्वाची आहे. अनेक जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या व मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जमिनीवरून उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या मधल्या गिअरांमुळे) ते मोकळे फिरू शकते, आणि जमिनीवरचे दुसरे चाक उलट्या दिशेने फिरून गाडी जॅकवरून सरकू शकते. हँडब्रेक ओढलेला असला तरीही. त्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचा भाग स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर कधीही सोडू नका, आणि चाके फिरवण्यासाठी इंजिन सुरू करू नका. डिफरन्शियल लॉक किंवा लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाके एकाच वेळी उचलावी लागतील.

आता मोजमाप फसवणाऱ्या गोष्टी बाजूला काढू. चाक उचलून वर-खाली आणि मग पुढे-मागे धरून हलवा. हाताला खेळ जाणवत असेल तर आधी बेअरिंगचा बंदोबस्त करा, कारण बेअरिंगमधील खेळ चाकाच्या टोकाशी कितीतरी पटींनी मोठा होऊन दिसतो आणि वजन आल्यावर चाक नेमके वरून आत कलते, म्हणजे वाकलेल्या हाऊसिंगसारखेच. काही ॲक्सलमध्ये शाफ्ट आणि हब हे वेगळे भाग असतात. 1976 ते 1986 या काळातील जीप सीजे गाड्यांचा एएमसी मॉडेल 20 हा मागचा ॲक्सल याचे परिचित उदाहरण आहे. तेथे हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावी आणि नटाच्या जोरावर बसलेले असते, आणि नट सैल झाला की चाक असे डगमगते की पाहणाऱ्याने शाफ्टच वाकला असे म्हणावे.

ब्रीदर उघडून पाहा. हाऊसिंगच्या माथ्यावरचे हे छोटे भोक किंवा नळी चिखलाने बुजली की तेल तापल्यावर आत दाब वाढतो आणि तो सर्वांत अशक्त सीलमधून तेल बाहेर ढकलतो. तेलाची पातळी गरजेपेक्षा जास्त असली तरी हेच घडते. पुन्हा पुन्हा सील जाण्याचे एवढे साधे कारण असताना हाऊसिंग बदलले गेले, तर नव्या ॲक्सलचे सीलही गळणारच. ॲक्सल पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट आवळलेले आहेत का, तेही याच वेळी पाहून घ्या. पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून ॲक्सलच्या नळीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ते काही मिलिमीटरहून अधिक वेगळे आले तर सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरून ॲक्सल जागेवर ठेवणारा) तुटून ॲक्सल पाट्यावर सरकला असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते, मात्र तो दोष वेगळा आहे, आणि तो वेगळा कसा ओळखावा ते पुढे टोच्या मोजमापात आपोआप येईल.

आता फिरणारा दोष. चाक उचललेले असताना रिमच्या कडेजवळ एक टोकदार तार किंवा स्क्रूड्रायव्हर जड ठोकळ्यावर घट्ट बसवा आणि चाक हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. टायरवर नव्हे, रिमवर पाहा. रबराच्या घडणीत स्वतःचीच लहर असते. तार आणि रिम यांतील फट कुठे कमी, कुठे जास्त होते ते खडूने टिपून घ्या. पोलादी रिममध्ये एक-दीड मिलिमीटरची लहर सहज खपून जाते. त्याहून जास्त असेल तर चाक उतरवून ड्रम काढा आणि तीच तपासणी फ्लँजच्या तोंडावर करा, या वेळी शक्य असल्यास डायल गेजने. येथे सहनशक्ती फार कमी असते : फ्लँजच्या तोंडाची मर्यादा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिलिमीटरच्या दशांशांत दिलेली असते. फ्लँज सरळ आणि रिम आऊट असेल तर रिम बदलून तुमचे काम संपले. फ्लँजच आऊट असेल, तर शाफ्ट वाकला आहे किंवा फ्लँजच शाफ्टला तिरके झाले आहे, आणि शाफ्ट बाहेर काढल्याशिवाय या दोहोंतील फरक कळत नाही. गेज नसेल तर तेच चाक उजव्या बाजूला लावून पाहा. लहर चाकाबरोबर गेली तर दोष चाकाचा, डावीकडेच राहिली तर हब, फ्लँज किंवा शाफ्टचा.

तुमच्या वर्णनात गाडी डगमगते किंवा थरथरते असे कुठेही नाही. त्यामुळे तुमचा दोष फिरणारा नसावा असे मला वाटते, आणि खरे कष्ट पुढच्या भागात घ्यावे लागतील.

स्थिर दोष दोन दिशांनी मोजावा लागतो : आडव्या पातळीत, म्हणजे टो, आणि उभ्या पातळीत, म्हणजे कँबर. मागच्या अखंड ॲक्सलला बहुधा दोन्ही शून्याच्या आसपास असायला हवेत, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांना समांतर आणि जमिनीला काटकोनात. चाकाच्या पुढच्या बाजूला मार बसून नळीचे टोक मागे गेले असेल तर ते चाक पुढून बाहेर वळते, म्हणजे टो-आऊट होते. गाडी उंचावरून आदळल्याने किंवा कायम जादा वजन वाहिल्याने नळीची टोके वर गेली असतील तर चाके वरून आत कलतात, म्हणजे कँबर ऋण होतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोन्ही थोडेथोडे सापडते, कारण खड्ड्याच्या काठावर आदळणारे चाक एकाच वेळी मागेही ढकलले जाते आणि वरही.

टो मोजण्याची माझी आवडती पद्धत अशी की तिच्यात टायरची आणि रिमची लहर आपोआप वजा होते. सपाट जमिनीवर गाडी थोडी पुढे ढकलून उभी करा, म्हणजे टायरमधील ताण निघून जाईल. दोन्ही मागच्या टायरांच्या पुढच्या बाजूला, हबच्या मध्याइतक्या उंचीवर, पट्ट्याच्या मध्यभागी एकेक बारीक खूण करा. जाड खडूची नको, टोकदार खिळ्याची हवी. दोन खुणांमधील अंतर मोजा. आता गाडी पुढे ढकला, चाक बरोबर अर्धा फेरा फिरून त्याच खुणा मागच्या बाजूला तितक्याच उंचीवर येईपर्यंत, आणि पुन्हा अंतर मोजा. दोन्ही वेळा टायरवरचा तोच बिंदू मोजला गेल्यामुळे चाकाच्या वाकडेपणाचा परिणाम दोन्ही मापांत सारखाच राहतो आणि वजाबाकीत निघून जातो. उरतो तो फक्त स्थिर दोष. मोजपट्टी मधल्या गोळ्याला, म्हणजे डिफरन्शियलच्या फुगीर भागाला, किंवा एक्झॉस्टला अडत असेल तर दोन्ही खुणा ओळंब्याने जमिनीवर उतरवून घ्या आणि अंतर जमिनीवर मोजा. ओळंबा स्थिर व्हायला वेळ लागतो, तेवढा द्या.

समजा, पुढे 1,422 मि.मी. आणि मागे 1,416 मि.मी. आले. फरक 6 मि.मी., पुढे जास्त, म्हणजे टो-आऊट. टायरचा व्यास 762 मि.मी. असेल तर 6 भागिले 762 यावरून कोन सुमारे 0.45 अंश निघतो. मागच्या ॲक्सलसाठी हे दुर्लक्ष करण्याजोगे माप नाही. दीड-दोन मिलिमीटरपर्यंतच्या फरकाकडे मी लक्ष देत नाही, कारण या पद्धतीत तेवढी चूक हातूनच होऊ शकते. तीन मिलिमीटरच्या पुढे मात्र मोजमाप दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतो आणि तेच आले तर ते खरे मानतो. सरकलेल्या ॲक्सलचा उलगडा इथेच होतो : ॲक्सल नुसता तिरका सरकला असेल तर एक चाक जितके आत वळते तितकेच दुसरे बाहेर वळते, आणि पुढच्या-मागच्या अंतरांत फरकच पडत नाही. गाडी तिरकी चालते पण टो शून्य आहे, असे आढळले तर हाऊसिंगला दोष देऊ नका. सेंटर बोल्ट, पाट्यांचे बुश आणि चासी तपासा.

कँबर मोजण्यासाठी ओळंबा आणि पट्टी पुरते, पण 0.1 अंश दाखवणारा डिजिटल कोनमापक असेल तर काम सुटसुटीत होते. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी एक सरळ पट्टी उभी धरा. टायरच्या बगलेला टेकवू नका, कारण वजनामुळे टायर खाली फुगलेला असतो. माप घ्या, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, पुन्हा घ्या, आणि दोन्ही मापांची सरासरी काढा, म्हणजे रिमची लहर येथेही निघून जाईल. कोनमापक वापरत असाल तर तोही एकदा उलटा धरून पाहावा. प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगतो, 400 मि.मी. अंतरावर 1 अंश म्हणजे जवळजवळ 7 मि.मी. इतका कल. उघड्या डोळ्यांना तो दिसतो, पण अर्धा अंश आहे की एक, हे डोळा सांगू शकत नाही. आणि गाडीच्या बॉडीशी तुलना करून तर मुळीच सांगू शकत नाही, कारण जुन्या गाडीची बॉडी स्वतःच एका बाजूला बसलेली असते.

जमीन अगदी समतल सापडत नाही, ही अडचण मोठी वाटते पण ती सोडवता येते. जमिनीचा उतार एका चाकाच्या कँबरमध्ये जितका मिळतो तितकाच दुसऱ्यातून वजा होतो. म्हणून डावे आणि उजवे माप चिन्हांसह मिळवले की उतार निघून जातो आणि ॲक्सलमधील एकूण वाक उरतो. उदाहरणार्थ, डावीकडे उणे 1.4 आणि उजवीकडे अधिक 0.5 आले तर बेरीज उणे 0.9 अंश. हा वाक खरा आहे, जमीन कशीही असो. तो कोणत्या बाजूचा आहे हे ठरवण्यासाठी मात्र तिसरा संदर्भ हवा. पाट्यांच्या ज्या बैठकी ॲक्सलच्या नळीला वेल्ड केलेल्या असतात, त्या दोहोंना खालून किंवा वरून एक लांब सरळ चौकोनी पाइप टेकवा आणि त्याचा कल मोजा. समजा पाइप उजवीकडे 0.5 अंश उतरता आला, तर उजव्या चाकाचे अधिक 0.5 हे केवळ त्या उतरणीचे होते आणि ते चाक सरळ आहे. डाव्याचा खरा कँबर उणे 0.9 ठरतो, म्हणजे संपूर्ण वाक डाव्या नळीत आहे. बैठकी कुणी बदलून पुन्हा वेल्ड केलेल्या असतील तर त्यांच्यावर विसंबू नका. अशा वेळी मधल्या गोळ्याचा एखादा मशीन केलेला सपाट भाग संदर्भ म्हणून घ्यावा.

गाडी जमिनीवर असताना एकदा आणि चासीखाली स्टँड लावून ॲक्सल लोंबकळत असताना एकदा, असा दोन्ही वेळा कँबर घ्या. वाकलेली नळी दोन्ही वेळा जवळपास सारखेच माप देते. वजन काढल्यावर कल बराच कमी झाला, तर कुठेतरी बेअरिंगमध्ये खेळ आहे किंवा, अधिक गंभीर शक्यता, नळीला चीर गेली असून ती वजनाखाली उघडते आहे.

चीर आणि वाक शोधायचा तर कुठे शोधायचा, हे हाऊसिंगवर जोर कसा येतो यावरून समजते. जमीन चाकाला वर ढकलते, पाटा बैठकीवर खाली दाबतो. वाकवणारा जोर चाकापासून आत येताना वाढत जातो, बैठकीपाशी सर्वाधिक होतो आणि तेथून दुसऱ्या बैठकीपर्यंत तेवढाच राहतो. म्हणून दोन बैठकींच्या मध्ये जो छेद सर्वांत अशक्त, तेथे हाऊसिंग आधी हार मानते. नळ्या मधल्या ओतीव गोळ्यात दाबून बसवून वरून प्लग वेल्ड केलेल्या असतील, तर नळी आणि गोळा यांचा सांधा हे ते ठिकाण. पत्रा दाबून, दोन भाग जोडून केलेल्या हाऊसिंगमध्ये, ज्यातून डिफरन्शियल पुढून अख्खे बाहेर काढता येते, नळी फुगून गोळा होते तो भाग आणि बैठकीच्या वेल्डची कड ही ठिकाणे पाहावीत. रुंद टायर किंवा बाहेर काढलेल्या रिम लावल्या की चाक आणि बैठक यांतील अंतर वाढते आणि त्याच वजनाखाली हा जोरही वाढतो. जुन्या गाडीला असे टायर लावलेले दिसले तर माझा हाऊसिंगवरचा संशय बळावतो.

ही ठिकाणे तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा. रंगातली बारीक समांतर तडे, वेल्डच्या कडेने गंजाची लालसर रेघ, तेलाने ओली राहणारी आणि पुसूनही पुन्हा ओलावणारी एखादी केसाएवढी रेषा : यांतील कोणतीही खूण मोलाची आहे. दाबून बसवलेल्या नळीवर आणि गोळ्यावर, सांध्याच्या आरपार, छिन्नीने एक सरळ खूण करून ठेवा. काही दिवस गाडी वापरल्यावर खुणेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर नळी गोळ्यात फिरते आहे. नळीवर लांब दोरा ताणून वाक पाहण्याची पद्धत लोक हमखास सुचवतात. मी तिला फारसे महत्त्व देत नाही. नळ्या निमुळत्या असतात, गोळा मध्यावर नसतो, ओतीव पृष्ठभाग खडबडीत असतो, आणि अर्ध्या अंशाचा वाक दोऱ्याला दिसतही नाही.

शाफ्ट बाहेर काढल्यावर सर्वांत बोलका पुरावा तुमच्या हातात येतो, तो म्हणजे जुने ऑइल सील. ते फेकून देऊ नका. चांगल्या उजेडात त्याचा रबरी ओठ पूर्ण गोलाईत पाहा. ओठ एकाच बाजूला दबून रुंद, चकचकीत झिजला असेल आणि समोरच्या बाजूला जवळजवळ कोरा असेल, तर शाफ्ट सीलच्या एका बाजूलाच टेकून फिरत होता, म्हणजे दोष जागेवर स्थिर आहे : हाऊसिंगचे टोक वाकले आहे, बेअरिंग झिजून खाली बसले आहे किंवा सील तिरके ठोकले गेले आहे. याउलट, ओठ सगळीकडे सारखाच रुंद झिजला असेल आणि शाफ्टवरील सीलचा पट्टा एका अंगाला जास्त घासलेला असेल, तर दोष शाफ्टबरोबर फिरत होता, म्हणजे शाफ्ट वाकलेला आहे. ओठ सगळीकडे सारखा आणि शाफ्टवर गोलाकार खोबण पडलेली, असे दिसले तर दोन्ही सरळ आहेत आणि नुसती झीज आहे; त्या खोबणीवर कोणतेही नवे सील टिकणार नाही, तिच्यावर दुरुस्तीची बाही (स्लीव्ह) चढवावी लागेल किंवा शाफ्ट बदलावा लागेल. सील उपसताना ते कोणत्या बाजूने वर होते याची खूण करून ठेवा, कारण रुंद झीज माथ्याला आहे की पुढच्या अंगाला, यावरून वाकाची दिशा कळते आणि ती टो-कँबरच्या मापांशी जुळवून पाहता येते.

शाफ्ट ओढून काढताना तो हाताने सरळ निघाला का, याकडेही लक्ष असू द्या. सरळ हाऊसिंगमध्ये शाफ्ट आत घालताना हलकेच वर उचलून फिरवला की स्प्लाइन डिफरन्शियलच्या साइड गिअरमध्ये जातात. प्रत्येक वेळी शाफ्ट एकाच दिशेला दाबून धरावा लागत असेल तर नळीची रेषा चुकली आहे. बेअरिंगच्या बैठकीतून टॉर्च मारून आत पाहा. शेवटचा साइड गिअर बैठकीशी एककेंद्री दिसायला हवा. वाकलेल्या नळीत फिरणारा शाफ्ट दर फेऱ्याला थोडा लवचिकपणे वाकतो आणि सरळ होतो, त्यामुळे धातू थकतो आणि शाफ्ट बहुतेक स्प्लाइनच्या मुळाशी तुटतो. एकाच बाजूचे शाफ्ट वारंवार तुटत असल्याचा इतिहास असेल तर तोही हाऊसिंगविरुद्धचा पुरावा समजावा.

खुद्द शाफ्टची तपासणी सोपी आहे. दोन्ही टोकांना लेथच्या सेंटरची भोके बहुतेक असतातच. शाफ्ट सेंटरमध्ये धरून किंवा बेअरिंगच्या आणि स्प्लाइनच्या जागी व्ही ब्लॉकवर ठेवून फिरवा आणि डायल गेज मधोमध, तसेच फ्लँजच्या तोंडावर लावा. मधला भाग घडाईचा, मशीन न केलेला असतो, तेथे थोडी जास्त लहर चालते. फ्लँज आणि बेअरिंगच्या जागी चालत नाही. स्प्लाइनच्या रेषा पीळ पडल्यासारख्या तिरक्या झालेल्या दिसल्या तर सरळपणा मोजण्याचीही गरज नाही, तो शाफ्ट संपला. वाकलेला शाफ्ट दाबून सरळ करून पुन्हा वापरावा, असे मी कुणालाही सांगणार नाही, सेमी-फ्लोटिंगमध्ये तर नाहीच, कारण तेथे शाफ्ट तुटला की चाकच निखळू शकते.

पुढच्या ॲक्सलवर संशय असेल तर वरील टोचे माप तेथे निरुपयोगी ठरते, कारण तेथील टो टाय रॉडने जुळवलेला असतो. कँबरही तेथे शून्य असेलच असे नाही. जुन्या विलीज जीपमध्ये आणि लँड रोव्हरच्या सीरीज गाड्यांमध्ये पुढच्या चाकांना मुळातच दीड अंश धन कँबर आणि तीन अंश कॅस्टर (किंगपिनचा, म्हणजे चाक ज्याभोवती वळते त्या खिळीचा, मागे झुकलेला कल) दिलेला आहे. तेथे कँबर आणि किंगपिनचा आतला कल या दोहोंची बेरीज पाहावी. बेरीज मॅन्युअलप्रमाणे आहे पण कँबर चुकला आहे, तर नकल आणि स्पिंडल ठीक असून वाक त्यांच्या आतल्या बाजूला, नळीत आहे. बेरीजच चुकली असेल तर वाक नकलमध्ये किंवा स्पिंडलमध्ये आहे. दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये स्पष्ट फरक असेल तर हाऊसिंगला पीळ बसला आहे. हे करण्यापूर्वी किंगपिनच्या बेअरिंगचा आणि टाय रॉडच्या टोकांचा खेळ काढलेला असला पाहिजे.

निर्णयाबद्दल माझे मत असे. अर्ध्या अंशापर्यंत वाक, टायरची झीज सोसण्याजोगी, सील टिकते आहे आणि कुठेही चीर नाही, तर हाऊसिंगला हात लावू नका. वर्षातून एकदा तेच माप घेऊन वाढ होते का, एवढे पाहा. वाक एक अंशाच्या आसपास किंवा पुढे असेल आणि सील व बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असतील, तर हाऊसिंग सरळ करणे किंवा बदलणे भाग आहे. नळी सरळ करता येते, हायड्रॉलिक प्रेस आणि भक्कम बीम लावून, किंवा फुगीर बाजूला ठरावीक जागी ताव देऊन तिच्या आकुंचनाचा उपयोग करून. परंतु हे काम बेअरिंगच्या बैठकीत बेअरिंगऐवजी मध्ये भोक असलेल्या, अचूक मशीन केलेल्या चकत्या बसवून, त्यांतून सरळ सळई आरपार घालून तपासत करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे, नुसत्या नजरेच्या अंदाजाने नव्हे. ओतीव गोळ्यालाच चीर असेल तर मी दुरुस्तीच्या मागे लागणार नाही.

गाडीच्या इतिहासात पाट्यांच्या बैठकी हलवणे, वरून जोड पट्टी किंवा ट्रस वेल्ड करणे असे काही असेल तर ते जरूर विचारून घ्या. नळीच्या माथ्यावर लांब वेल्ड मारला की तो थंड होताना आखडतो आणि नळीची टोके वर ओढतो, म्हणजे गाडी एकदाही आदळलेली नसताना तुमच्या गाडीसारखा ऋण कँबर तयार होतो. भविष्यात मजबुतीसाठी तुम्ही असे काही करणार असाल तर टाके विखरून, बाजू बदलत मारायला सांगा आणि वेल्डच्या आधी व नंतर दोन्ही वेळा माप घ्या.

आणि बदलण्याचाच निर्णय झाला, तर भंगारातून आणलेला दुसरा ॲक्सल गाडीखाली चढवण्यापूर्वी जमिनीवर ठेवून तपासा. तोही एखाद्या उलटलेल्या किंवा आदळलेल्या गाडीचाच असू शकतो. पाट्यांच्या बैठकी दोन समतल ठोकळ्यांवर टेकवा, हबच्या किंवा फ्लँजच्या दोन्ही तोंडांना लांब सरळ पाइप घट्ट बांधा, आणि त्या पाइपांच्या टोकांमधील अंतर पुढे व मागे, मग पाइप उभे बांधून वर व खाली मोजा. फ्लँज अर्धा फेरा फिरवून तीच मापे पुन्हा घ्या. मीटरभर लांबीच्या पाइपवर अर्धा अंश जवळजवळ 9 मि.मी. इतका मोठा होऊन दिसतो, त्यामुळे हे माप गाडीखाली पडून घेतलेल्या कोणत्याही मापापेक्षा अधिक खात्रीचे असते. विक्रेता हे माप घेऊ देत नसेल, तर तो ॲक्सल घेऊ नका.